युद्धामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई परक्या देशाकडे कशी मागावी

वाशी-तुर्भ्याहून न्हावा शेवा बंदरामार्गे माल पाठवणारे निर्यातदार आणि आखाती देशांत माणसे नोकरीला असलेली ठाणे जिल्ह्यातील कुटुंबे यांना दूरच्या युद्धाचीही झळ बसते. ज्या देशामुळे नुकसान झाले त्याच्याकडून भरपाई मागायची असेल, तर सर्वप्रथम ते कृत्य त्या देशाचे ठरते का, हे तपासावे. सशस्त्र गटाने जहाजावर हल्ला केला असेल, तर त्या गटाला एखाद्या देशाने शस्त्रे आणि पैसा पुरवला एवढे दाखवून भागत नाही. त्या विशिष्ट कारवाईवर त्या देशाचे परिणामकारक नियंत्रण होते, हे सिद्ध करावे लागते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये, निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढलेल्या प्रकरणात ही कसोटी घालून दिली. शिवाय त्या कृत्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचे बंधन मोडलेले असले पाहिजे.

हेगच्या या न्यायालयात व्यक्तीला किंवा कंपनीला दाद मागता येत नाही. तेथे फक्त देश उभे राहतात, आणि तेही दोन्ही देशांनी न्यायालयाचा अधिकार मान्य केला असेल तरच. म्हणून आपला दावा परराष्ट्र मंत्रालयामार्फतच पुढे जाईल, असे धरून कागदपत्रे तयार करावीत.

दावा कसा बांधावा, हे कुवेतच्या उदाहरणावरून सर्वांत चांगले कळते. सुरक्षा परिषदेने १९९१ च्या ठराव ६८७ मध्ये कुवेतवरील आक्रमणामुळे झालेल्या थेट नुकसानीसाठी, पर्यावरणाची हानी धरून, इराकला जबाबदार ठरवले आणि त्यासाठी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. आयोगापुढे सुमारे २७ लाख दावे आले. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडावे लागलेल्या व्यक्तीला साध्या पुराव्यावर ठरावीक रक्कम मिळत असे. कंपन्यांना मात्र प्रत्येक तोटा कागदोपत्री सिद्ध करावा लागला. येथे ‘थेट’ या शब्दावर सगळे अवलंबून होते. केवळ इराकवर घातलेल्या व्यापारबंदीमुळे झालेल्या तोट्याची भरपाई आयोगाने नाकारली. त्यामुळे निर्यातदाराने हल्ल्यात नष्ट झालेला माल, मार्ग बदलल्याने वाढलेले भाडे आणि निर्बंधांमुळे रद्द झालेली ऑर्डर यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), इनव्हॉइस, सर्व्हेअरचा अहवाल आणि शिपिंग कंपनीशी झालेला पत्रव्यवहार त्या त्या हिशेबाला तारखेसह जोडावा.

पुरावा तोकडा पडला की काय होते, हे युगांडाने काँगोत केलेल्या युद्धाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेल्या काँगो विरुद्ध युगांडा प्रकरणात दिसले. काँगोने ११ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मागितली होती. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने ३२.५ कोटी डॉलर मंजूर केले, त्यांपैकी ६ कोटी नैसर्गिक संपत्तीसाठी होते. जंगलतोडीची आणि देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या हानीची मागणी फेटाळली गेली. इतक्या भीषण युद्धानंतर ही रक्कम मला फार अपुरी वाटते, पण दाव्याची ताकद पुराव्यावरच ठरते, हे नाकारता येत नाही.

पर्यावरणाच्या दाव्यात सर्वांत अवघड भाग असतो तो हानीपूर्वीची स्थिती दाखवण्याचा. उद्या एखाद्या हल्ल्यातील तेल ठाणे खाडीत शिरले, तर पाण्याची प्रत, कांदळवनाचे क्षेत्र आणि फ्लेमिंगोंची संख्या आधी काय होती, हे तारीखवार नोंदींशिवाय कोणालाही सिद्ध करता येणार नाही. म्हणून खाडीवर काम करणाऱ्या संस्था आणि महाविद्यालयांनी पक्षिगणना व पाण्याच्या चाचण्या दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने कराव्यात.

या सगळ्याला लागणारा वेळही लक्षात घ्यावा. कुवेतच्या दाव्यांचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे आक्रमणानंतर एकतीस वर्षांनी दिला गेला. त्यामुळे आधी विम्याची पॉलिसी काढून वाचावी. मालाच्या साध्या सागरी विम्यात युद्धाची जोखीम सहसा वगळलेली असते आणि तिच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते घेतले असल्यास विमा कंपनीला विनाविलंब लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच दाव्याच्या फाइलमध्ये लावावी.