लेकरांना रानात नेताय? मग एखादं काम खरंच त्यांच्या हाती द्या

सुट्टीला लेकरं गावाकडं येतात, एक दिवस रानात जातात, बैलाजवळ फोटो, झाडाखाली फोटो, आणि दुसऱ्या दिवशी परत मोबाईल. मग आपणच म्हणतो ह्यांना शेतीची आवडच नाही. अहो पण आवड लागायला त्यांच्या हातात दिलं काय आपण? नुसतं बघून कुणाला आवड लागत नसती. माझं म्हणणं एवढंच की काम असं द्या जे लेकरानं नाही केलं तर दुसरं कुणी करणार नाही, आणि नाही केलं तर थोडं का होईना पण बिघडेल.

सुरुवात माळव्याच्या वाफ्यापासून करा. खाटेएवढी जागा बास. दिवाळीच्या सुट्टीत मेथी, कोथिंबीर, मुळा, उन्हाळ्यात पाण्याची सोय असेल तर भेंडी, गवार, वाळूक. धने तसेच नाही टाकायचे, चपलेनं किंवा पाट्यावर हलके रगडून दोन फाका करून टाकायचे, हे काम लेकरांना लई आवडतं. मेथी तीन-चार दिवसात वर येती आणि महिनाभरात भाजीला होती, म्हणून लहान लेकरांना पहिली मेथीच द्या, त्यांना लांबची वाट बघवत नाही. पहिले दोन दिवस ते सारखं माती उकरून बघणार, बघू द्या, चार दाणे गेले तर गेले, कोंब डोकं खाली घालून वाकडाच वर येतो हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिथंच जास्त कळतं.

आता अवघड भाग. लेकरू पाणी द्यायचं विसरणार आणि वाफा सुकणार. सुकू द्या. आजोबा लोकांना हे फार जड जातं, ते पहाटे उठून गुपचूप पाणी देऊन येतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा. शेरडानं खाल्लं तरी ओरडू नका, कुंपण कसं करायचं ते त्यालाच विचारा, बोराट्याच्या काट्या आणायला फक्त सोबत जा. आणि स्वतः लावलेली मेथी घरात आली की भाजीला नाक मुरडणारं पोरगं पण निदान चव तरी बघतं.

जनावराचं काम द्यायचं असेल तर कोंबडी किंवा शेळीचं करडू द्या. आपल्याकडच्या उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळी करडं होतात त्यामुळं दोघा भावंडांत भांडण नाही. चारा, पाणी, संध्याकाळी मोजून आत घेणं. पण एक सांगतो, शेळी विकायची असेल तर लेकरू शाळेत गेल्यावर बाजारात नेऊ नका. आधी सांगा कामून विकायची, किती येतील, त्या पैशाचं काय करणार. रडेल. रडू द्या, पण फसवलं असं वाटलं तर परत कुठल्याच जनावराला हात लावणार नाही.

जरा मोठ्या, म्हणजे पाचवी-सहावीच्या पुढच्या लेकरांसाठी माझ्या मते सगळ्यात भारी काम म्हणजे सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणं. मे महिन्याच्या शेवटी करायचं. गोणपाट ओलं करा, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून अलगद गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, आठवड्याभरात उघडून नीट कोंब आलेले मोजा. शंभरातले 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं चालतं, त्याच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. 62 उगवले तर किती? 34 किलो. हे गणित लेकराला मांडू द्या आणि पेरताना खरंच तेवढंच बियाणं घ्या, तेव्हा त्याला वाटतं की आपल्या मोजण्यावर घर चाललंय. फक्त औषध लावलेलं रंगीत बियाणं हातात द्यायचं नाही, ते विष आहे.

जून लागला की पाऊस मोजायला लावा. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर, झाडापासून लांब ठेवायची आणि सकाळी पट्टीनं पाणी मोजायचं. 1 सेंटीमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, तर हा आकडा वहीत लिहायची जबाबदारी लेकराची, शेजारच्यानं पेरलं म्हणून बापाची घाई चालली तर त्यानं वही पुढं करावी. आणि 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण एक लाख लिटर पाणी, हे त्यालाच काढू द्या, तोंड बघण्यासारखं होतं.

लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे रानात पूजा करून तिथंच जेवायचा वेळ अमावस्येचा सण, असतेच, त्या दिवशी कडब्याची कोप (खोपटं) उभी करायला आणि भज्जीच्या मिसळ भाजीसाठी शेंगा तोडायला लेकरांना घ्या, नुसतं आंबील प्यायला बोलवू नका. आणि हे सगळं पोरींना पण. पोरगं ट्रॅक्टरजवळ आणि पोरगी चहाची किटली घेऊन धुऱ्यानं, हे आता तरी बंद करा.

कुठं अजिबात न्यायचं नाही ते घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. शेततळं सगळ्यात वाईट, प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्याला पण वर येता येत नाही, म्हणून तारेचं कुंपण आणि आतून गाठी मारलेला दोर पाहिजेच. मळणी यंत्र, मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टरचं मडगार्ड, फवारणी चालू असलेलं वावर, कठडा नसलेली विहीर, इथं लेकरू नको म्हणजे नको. कडब्याची गंजी हलवताना हात घालू देऊ नका, खाली साप असू शकतो. ढग गडगडले की झाडाखाली नाही, सरळ घरी. आणि कामासाठी शाळा बुडवायची नाही, सुगी असली तरी.

आठवी-नववीच्या पोरा-पोरीला एकदा माल घेऊन बाजार समितीत न्या. आडतीवरची पट्टी, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाची पावती, त्यांच्या हातात द्या, किती क्विंटल, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, ओलावा जास्त म्हणून किती कापले, सगळं मोठ्यानं वाचून घ्या. टक्केवारी तिथं जशी समजती तशी क्लासमध्ये समजत नाही. आडत्याला प्रश्न विचारत असतील तर मधे पडू नका, मागं गाड्यांची लाईन लागली तरी.