इंच-सुताचं माप घेताना या चुका टाळा

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच कापायला देताना मी चिठ्ठीवर लिहिलं, '24.6'. मला म्हणायचं होतं 24 इंच 6 सूत. दुकानात ते दशांश धरून मिलिमीटरमध्ये बदललं आणि काच जवळजवळ 4 मिमी तोकडी आली. घोटाळा त्या टिंबाचा.

एका इंचात 8 सूत. म्हणजे 6 सूत हा पाऊण इंच झाला, 0.6 नव्हे. म्हणून मधे टिंब देऊच नका, '24 इंच 6 सूत' असं पूर्ण लिहा. फुटांत तर हे आणखी महागात पडतं. साडेपाच फूट म्हणजे 5 फूट 6 इंच; आणि 5 फूट 10 इंचांसाठी कुणी 5.10 फूट लिहिलं, तर हिशेबात ते जेमतेम 5 फूट सव्वा इंच भरतं.

'इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर' हे बोलण्यापुरतं ठीक. सहा फुटी कपाटाला तसं धरलं तर 180 सेंमी येतात, खरे हवेत 182.88. इंचाहून जास्त घट! 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारापासून इंच नेमका 25.4 मिमी आहे, तोच धरा.

टेपच्या टोकाची पत्री थोडी हलते, म्हणून काहीजण ती ठोकून घट्ट करतात. कृपा करून करू नका. ती स्वतःच्या जाडीइतकीच हलते: बाहेरून माप घेताना ओढली जाते, आतून घेताना दाबली जाते, आणि दोन्ही मापं बरोबर येतात. पत्री वाकली असेल तर 1 इंचाच्या रेघेपासून मोजा, पण तो इंच वजा करायचा राहतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. वजा केल्यावरच आकडा लिहा.

चौकटीचं माप वर, मधे आणि खाली घ्या. भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा धरा.

शेवटी, नावातला इंच मापाचा समजू नका. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बाहेरून 21.3 मिमी असतो, पाऊण इंचाहूनही जाड. चार सुती सळई मागितली की 12 मिमीची मिळते, 12.7 ची नाही. क्लॅम्प आणायला जाताना पाइपचा तुकडाच सोबत न्या.