हेलियम-३ वर सेमिनार घेताय? आधी ग्रेड बघा

चांद्रयान-३ उतरल्यापासून नागपुरात मायनिंग शिकणाऱ्या दर दुसऱ्या पोराला सेमिनारला हाच टॉपिक पाहिजे असतो: हेलियम-३, म्हणजे चंद्रावरून आणून फ्युजनच्या (अणू जोडून वीज काढायच्या) रिअॅक्टरात इंधन म्हणून वापरायचा हेलियमचा हलका प्रकार. घ्या ना, टॉपिक भारी आहे. पण "चंद्रावर दहा लाख टन हेलियम-३ आहे" असं म्हणून सुरुवात केली की व्हायवात गेलात, मी तिथंच सोलून निघालो होतो.

आकडा खोटा नाहीये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठवाल्यांच्या १९८६ च्या पेपरातला आहे. फक्त तो रिसोर्स (एकूण पडलेला माल) आहे, रिझर्व्ह (परवडेल असा काढता येणारा माल) नाही. सिव्हिल लाइन्सच्या आयबीएममधल्या (इंडियन ब्युरो ऑफ माइन्स) कोणालाही विचारा, माल किती पडलाय याच्याआधी ग्रेड काय (दगडामातीत कामाचा माल किती) आणि काढणं परवडतं का ते बघतात. मनसरचं मॅंगनीज हातात घेतलं की वजनावरूनच अंदाज येतो, तिथं हिशोब टक्क्यांत. चंद्राची धूळ चांगल्या जागेची धरली तरी दहा-वीस पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत दहा-वीस भाग. पीपीएम (दहा लाखांत) नाही भाऊ, पीपीबी! कागद घ्या अन् स्वतः करा: दहा पीपीबी म्हणजे एक टन हेलियम-३ साठी दहा कोटी टन धूळ, अन् तेही रिकव्हरी (असलेल्यातला हाती लागणारा माल) शंभर टक्के धरून, जी आपल्याकडं कधी कोणाला मिळाली नाही. डब्ल्यूसीएलच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स, आपली नागपूरची कोळसा कंपनी) सगळ्या खाणींचा मिळून वर्षाचा कोळसा सात कोटी टनांच्या आसपास आहे. अन् इथं नुसतं खोदून भागत नाही, ती धूळ ७०० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय गॅस सुटत नाही. एक सुख आहे, सगळा माल वरच्या काही मीटरांतच, ब्लास्टिंगची भानगड नाही.

यूट्यूबवरून पीपीटी बनवणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. आणि "टॉपिक बदल" एवढंच म्हणणारा गाइड मिळाला तर त्याच्या नादी लागू नका, त्यानंही हिशोब केलेला नसतो.

घाबरू नका पण. चंद्राच्या ध्रुवाकडचा बर्फ, तिथल्या मातीतून ऑक्सिजन काढणं, यात मायनिंगवाल्याला खरंच काम आहे. फर्स्ट क्लासचं तिकीट (खाण मॅनेजरचं सर्टिफिकेट) मात्र आधी काढा, चंद्र कुठं पळून जात नाही.

अन् व्हायवात हमखास विचारतात, न्यूट्रॉन निघतात का? "नाही" म्हणू नका. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) अन् हेलियम-३ च्या मूळ रिअॅक्शनमधून निघत नाहीत, पण ड्युटेरियम आपसात भिडतं त्यातून निघतातच, शिवाय तापमान ड्युटेरियम-ट्रिटियमच्या (ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा आणखी जड प्रकार) फ्युजनपेक्षा कितीतरी जास्त लागतं, आणि ते सोपंवालं ट्रिटियमचं वीजघरसुद्धा अजून कुठं चालू झालेलं नाही.