उघड्या स्पोर्ट्स कारचं इंटिरियर: रंग आणि कार्पेट निवडताना या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधणाऱ्याचा जीव इंजिन, चेसिस आणि बॉडीच्या पेंटमध्ये गुंतलेला असतो. आतला रंग आणि कार्पेट मात्र पैसे संपत आल्यावर एखाद्या दुपारी दुकानात उभ्या-उभ्या ठरतं. कोब्रा असो की पोर्शे स्पीडस्टर, या गाड्या बहुतेक वेळ उघड्याच असतात. त्यांची सीटं आणि कार्पेट बोनेटाइतकीच दिसतात आणि बोनेटाइतकंच ऊन खातात. म्हणून आतला रंग बॉडीच्या रंगासोबतच ठरवावा, आणि मराठवाड्याचं ऊन व धूळ डोळ्यांसमोर ठेवून ठरवावा.

परदेशी फोटोवरून काळा किंवा पांढरा उचलणं

मूळ कोब्रांमध्ये काळं लेदर भरपूर दिसतं, त्यामुळे "आपल्यालाही काळंच" असं होतं. पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या काळ्या सीटवर चटका बसल्याशिवाय बसता येत नाही. काळं कार्पेट तर त्याहून अवघड. आपली काळी माती वाळून उडाली की राखाडी होते आणि काळ्यावर ती लगेच उठून दिसते. बीडकडे एक चक्कर मारून आलात की कार्पेट पिठात लोळल्यासारखं दिसतं.

म्हणून कोणी दुसऱ्या टोकाला जाऊन बेज किंवा क्रीम निवडतं. त्यावर घाम आणि नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो, आणि तो डाग सहसा पूर्ण निघत नाही. माझं स्पष्ट मत असं: सीटला टॅन किंवा मध्यम तपकिरी घ्या, कार्पेट त्याहून एक-दोन छटा गडद घ्या, आणि तेही एकसुरी न घेता दोन-तीन रंगांच्या मिश्र धाग्याचं. हिरव्या, गडद निळ्या, चंदेरी किंवा क्रीम बॉडीला हे शोभतं. लाल बॉडीत लाल सीट आणि लाल कार्पेट असा हट्ट धरू नका. लेदर, धागा आणि पेंट प्रकाश वेगवेगळा परतवतात, त्यामुळे तीन लाल एकमेकांना जुळत नाहीत. लाल हवाच असेल तर सीटच्या पायपिंगला, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीला द्या.

डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र गडद आणि मॅटच ठेवा. फिका किंवा चकचकीत डॅश दुपारी समोरच्या काचेत उमटतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

ट्यूबलाइटखाली निवड

लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानात जो तपकिरी दिसतो, तो बाहेर उन्हात विटकरी निघू शकतो. मोबाइलच्या फोटोवर तर अजिबात जाऊ नका. वीतभर तुकडा मागून घ्या, रंगवलेल्या पॅनेलवर ठेवा, भर दुपारी आणि दिवेलागणीला पाहा. मग तोच तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर ठेवा. दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला, तर तो माल कितीही स्वस्त असला तरी नको. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का तेही बघा. पावसात तोच रंग तुमच्या कपड्यांना लागणार आहे.

संभाजीनगरकरांना सीटच्या मधल्या पट्ट्यात हिमरू लावायचा मोह होतो. मला हिमरूचं फार अप्रूप आहे, म्हणूनच सांगतो, असं करू नका. सूत आणि रेशमाचं ते विणकाम ऊन, घाम आणि घर्षण सोसण्यासाठी नाही.

मूळ गाडीचा स्वभाव विसरणं

हल्ली कोणत्याही सीटवर चौकटीचे फुगीर टाके मारून मिळतात. स्पीडस्टरमध्ये ते अगदी परके वाटतात. मॅक्स हॉफमन या अमेरिकेतल्या आयातदाराच्या आग्रहाने १९५४ मध्ये ही गाडी आली, तीच मुळात स्वस्त आणि सुटसुटीत असावी म्हणून. तिला साधं रेक्झिनच खुलून दिसतं. मर्सिडीज ३०० एसएल गलविंगला चौकड्यांचं कापड मूळचं होतं, लेदर जादा पैशांचं. जग्वार एक्सके १२० च्या सुरुवातीच्या गाड्यांत दोन रंगांची सीटं असायची.

रंगापेक्षाही कार्पेटची वीण गाडीची ओळख सांगते, आणि इकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. ब्रिटिश गाडीला कापलेल्या लवेचं लोकरी विल्टन कार्पेट शोभतं, पोर्शे ३५६ ला (स्पीडस्टर याच घराण्यातली) चौकोनी विणीचं बसकं कार्पेट, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन गाडीला आखूड फेऱ्यांचं, म्हणजे लूप कार्पेट. पोर्शे ५५० स्पायडरसारखी शर्यतीची गाडी बांधत असाल तर कार्पेट कमीत कमी ठेवा.

धागा न विचारता घेणं

घरात अंथरायचं स्वस्त कार्पेट बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. ते साधारण १६०-१६५ अंशांना वितळतं. नायलॉन ६ सुमारे २२० ला. गिअरबॉक्सच्या टनेलजवळून (दोन सीटांमधल्या उंचवट्याजवळून) सायलेन्सरचा पाइप जात असेल तर हा फरक जाणवतो. लोकर उत्तम दिसते, सहज पेट घेत नाही, आणि भदोहीकडचा माल आपल्याकडे मिळतोही. पण ती ओली राहिली की वास मारते, आणि महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाडीत तिला कसर लागते. नियमित चालणाऱ्या गाडीला नायलॉन घ्या. धागा ओळखायचा असेल तर पेट्रोलपासून दूर, मोकळ्या जागेत एक तंतू जाळून पाहा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, नायलॉनचा वितळून टणक मणी होतो.

घाईत चिकटवणं

गाडी रस्त्यावर आली की लगेच कार्पेट लावू नका. काही आठवडे उघड्या पत्र्यावर चालवा. पाणी कुठून येतं, टनेल आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पडदा) कुठे तापतात ते खडूने खुणा करून ठेवा. गळती बुजवा, तापत्या जागी फॉइलचं उष्णतारोधक लावा, मगच कार्पेट. खाली ज्यूटचा नमदा किंवा साधा स्पंज नको. तो पाणी धरतो आणि पावसाळ्यानंतर खालचा पत्रा गंजलेला सापडतो. पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम मागा.

कार्पेट टनेलवरून सुटत असेल तर दोष बहुधा पृष्ठभागाचा असतो. फायबरग्लासच्या बॉडीत आतल्या बाजूला काचेचे तंतू उभे असतात. मास्क लावून ते घासा, अॅसिटोनने पुसा. सिंथेटिक रबराचा चिकटद्रव दोन्ही बाजूंना लावा आणि बोटाला लागेनासा झाल्यावरच दाबा. भर उन्हात तो लावण्याआधीच वाळतो, म्हणून सकाळी काम करा आणि शेडची दारं उघडी ठेवा. गाडीच्या तळावरचे कार्पेटचे तुकडे मात्र चिकटवू नका. ते टिचबटणांवर बसवा, म्हणजे काढून उन्हात टाकता येतात.

कापतानाची ठरलेली चूक: रद्दी पेपरचा नमुना कार्पेटच्या मागच्या बाजूवर सरळ ठेवणं. तुकडा उलटा निघतो आणि डावीकडचा उजवीकडे बसतो. नमुना पालथा घाला, आणि प्रत्येक तुकड्यावर लव कोणत्या दिशेला झुकते त्याचा बाण काढा. लवेची दिशा बदलली की एकाच ठाणातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

पेडलांजवळ जाडी मोजायला विसरू नका. प्रतिकृतींमध्ये पाय ठेवायची जागा मुळातच अरुंद असते. जाड कार्पेटवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जात नाही, आणि सुटी चटई पुढे सरकून त्याखाली अडकली तर गाडी आवरणार नाही. सीटची रेल आणि दाराची उंबरठापट्टीही कार्पेटसह बसवून तपासा.

खरेदी करताना त्याच ठाणातला मीटरभर जादा घेऊन ठेवा. ड्रायव्हरच्या टाचेखालचा भाग सगळ्यात आधी झिजतो, आणि पुढच्या रंगाईत तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.