काढणीच्या तोंडावर द्राक्षघड कुजायला लागले? या चुका टाळा

साखर भरत आलेली असते, काढणीला आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि नेमकी तेव्हाच दोन दिवसांची झड लागते. तिसऱ्या दिवशी बागेत शिरून एखादा भरगच्च घड उलटा करून पाहावा, तर पोटात तीन-चार मणी तपकिरी पडलेले आणि त्यांच्यावर राखेसारखी लव. हात लागला की धूर उडावा तशी ती उडते. ही बोट्रायटिस, म्हणजे राखी बुरशी. स्ट्रॉबेरी, गुलाब, टोमॅटो यांना कुजवणारी आणि भांगेचे तुरे ऐन काढणीत आतून सडवणारीही हीच. जिथे फूल किंवा फळ घट्ट, रसरशीत आणि ओलं असेल तिथे ती घर करते.

पहिली चूक इथेच होते. लव दिसली त्या दिवशी रोग आला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती फुलोऱ्यातच आत शिरलेली असते. फुलांच्या गळालेल्या टोप्या आणि वाळलेले पुंकेसर घडात अडकून राहतात, त्यांवर ती जगते आणि कोवळ्या मण्यात जाऊन निपचित पडून राहते. हिरवा मणी तिला दाद देत नाही. मण्यात पाणी उतरलं (म्हणजे तो पिकून मऊ पडू लागला), साखर चढली, साल नरम झाली की मण्याचा प्रतिकार ओसरतो आणि ती उठते. म्हणून काढणीच्या वेळी आपल्या हातात कात्री, हवा आणि तारीख एवढंच उरतं. पंपाचे दिवस बहुतेक मागे पडलेले असतात.

तरीही पंप उचलणं

लव दिसताच फवारणीची घाई होते, कारण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण कुजलेला मणी कोणत्याच औषधाने बरा होत नाही, आणि घट्ट घडाच्या पोटात औषध पोचतही नाही. आत पोचते ती फक्त फवाऱ्याची ओल. गंधक भुरीवर, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दुसऱ्या बुरशीवर चालतं, यावर नाही. तांब्याच्या औषधांचाही फारसा उपयोग नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या गटाला तर ही बुरशी १९७० च्या दशकातच सरावली, आणि एकाच गटाचं औषध लागोपाठ वापरलं की नव्या औषधांचीही तीच गत होते. शिवाय लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत ते लिहिलेलं असतं. ते मोडलं तर माल दिसायला चांगला असूनही अवशेषांपायी बाद होतो. ट्रायकोडर्मा, बॅसिलस यांसारखी जैविकं, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीव, आधीपासून जागा अडवून बसण्यासाठी असतात. आग लागल्यावर ती बोलावण्यात अर्थ नाही.

कूज कोणती, हे नाक लावून न पाहणं

हे सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात कमी केलं जातं. संशय आलेला मणी अंगठ्याने हलकेच चोळा. आतला गर घट्ट आणि साल मात्र मोजा उतरावा तशी सरकत असेल, तर लव यायच्या आधीच बोट्रायटिस सापडली. मणी गळतोय, रस ठिबकतोय, चिलटं घोंघावताहेत आणि व्हिनेगरचा वास येतोय, तर ती आंबट कूज. तिच्यामागे यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, चिलटं त्यांची ने-आण करतात. तिथे बुरशीनाशक मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उष्ण हवेत काजळीसारखी काळी भुकटी दिसली तर ती वेगळीच बुरशी. निळसर-हिरवी पूड बहुधा फुटलेल्या मण्यावर मागाहून आलेली असते.

आणि मणी फुटला कशाने, हेही बघावं. भुरीचा जुना डाग ताणला जाऊन साल तडकते. अळी पोखरते, पक्षी आणि गांधीलमाशा टोचतात, किंवा कोरड्या बागेला एकदम भरपूर पाणी दिल्याने मणी फुगून चिरतो. दार उघडं ठेवून चोराला शिव्या देण्यात हशील नाही.

सडके मणी तिथेच झटकून टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. घाईत घड हलवून कुजके मणी खाली पाडले आणि पुढे निघालो. चार दिवसांनी शेजारच्या घडांत तेच. झटकताना उडालेली भुकटी आजूबाजूच्या ओल्या मण्यांवर बसली होती, आणि खाली पडलेलं तिथेच वाढत राहिलं. आता असं करतो: दव वाळल्यावरच जायचं, सोबत पिशवी न्यायची, आधी पिशवी घडाखाली धरायची आणि मगच कात्री लावायची. नुसता तपकिरी मणी काढून भागत नाही. त्याला टेकलेले चांगले दिसणारे मणीही काढावे लागतात, कारण ती एका मण्यातून दुसऱ्यात सालीला साल लागून सरकते. पाकळीच्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या छोट्या फांदीच्या मुळाशी कूज असेल तर पूर्ण पाकळी, आणि घडाच्या पोटात खोलवर असेल तर अख्खा घड. इथे जीव तुटतो, पण अर्धा वाचवायला जाऊन शेजारचे तीन जातात. कात्री मध्ये-मध्ये सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावी. चांगला माल त्याच कात्रीने काढणार असाल तर नक्कीच. पिशवी तोंड बांधून बागेबाहेर न्यायची, बांधाला टाकायची नाही.

पानं एकदम ओरबाडणं

घडाभोवती हवा खेळली पाहिजे हे खरं. बारा-पंधरा तास घड ओले राहिले आणि हवा १५ ते २५ अंशांच्या आसपास असली की या बुरशीला आणखी काही नको. तिशीच्या वर ती मंदावते. पण आतापर्यंत सावलीत वाढलेले मणी एका दुपारी उघडे टाकले तर उन्हाने भाजतात, आणि भाजलेली साल पुन्हा कुजीलाच वाट देते. सकाळचं ऊन लागतं त्या बाजूची, घडाला चिकटलेली थोडी पानं काढावीत, दुपारची बाजू तशीच ठेवावी. पावसानंतर उघडीप मिळाली तर औषध न भरता नुसता ब्लोअर फिरवून घड वाळवणं, हा मला कोणत्याही फवारणीपेक्षा बरा उपाय वाटतो.

आणखी एक ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) वाढू दे म्हणत थांबणं

ढगाळ, गार हवेत साखर जेमतेम सरकते आणि कूज मात्र धावते. रोज ठरलेल्या वीस-पंचवीस वेलींचे घड उलटे करून किती घडांत कूज आहे ते लिहून ठेवा. आकडा दोन दिवसांत दुप्पट होत असेल आणि पुढे पुन्हा पाऊस दिसत असेल, तर साखर थोडी कमी असतानाच काढलेली बरी. वाइनसाठीच्या द्राक्षांत तर ही बुरशी लॅकेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडते. ते रंग तपकिरी करतं आणि सल्फर डायऑक्साइडलाही सहज दबत नाही. फ्रान्समधल्या सोटर्न आणि हंगेरीतल्या तोकायच्या गोड वाइन याच बुरशीवर उभ्या आहेत, हे कुणीतरी ऐकवतंच. तिथे धुक्याची सकाळ आणि कोरडी दुपार असा योग जुळतो. सलग पावसात तसं काही होत नाही, घड फक्त सडतो.

ओला माल क्रेटमध्ये भरणं

काढणीनंतर सुटलो असं वाटतं तिथे ती पुन्हा गाठते, कारण ही बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढत राहते. खाण्याच्या द्राक्षांच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड ठेवतात, ते मण्यांवरची नवी वाढ रोखतात, पण आत शिरलेली बुरशी मारत नाहीत. माल ओला असेल तर ओलीने पॅडमधून वायू भसकन सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. म्हणून दव वाळल्यावरच तोडणी, सावलीत निवड, आणि तोडल्यापासून शक्य तितक्या लवकर पूर्वशीतकरण, म्हणजे साठवणुकीआधी माल झटपट थंड करणं. निवडताना साल सरकणारा एक मणी जरी सापडला, तरी तो घड साठवणुकीच्या पेटीत घालू नये. त्यातला चांगला भाग कापून त्याच दिवशी वापरात आणावा.