पॉलिमायाल्जियासाठी स्टेरॉइड: सुरुवात कशी करायची आणि आपला डोस कसा ओळखायचा

पहिली गोळी घेण्याच्या आदल्या रात्रीचं आधी सांगते, कारण पुढची सगळी मोजणी त्या रात्रीपासून सुरू होते. कूस बदलायची तर पलंगाची कड हाताने धरायची, आधी खांदा ओढायचा, मग कंबर, मग पाय. प्रत्येक वेळी जाग यायचीच. सकाळी बाहीत हात जात नव्हता. दोन्ही दंड आणि मांड्या कुणी आवळून बांधल्यासारख्या असायच्या आणि दहा-साडेदहापर्यंत ती गाठ सुटायची नाही. माझं वय तेव्हा ६८. नोकरी सगळी हिशेबाची, त्यामुळे वही हाताशी होती. त्या वहीनेच मला इथवर आणलं, म्हणून या लेखात ती वारंवार येईल.

आजाराबद्दल थोडक्यात. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका, म्हणजे पीएमआर, पन्नाशीच्या आत सहसा होत नाही. सत्तरीच्या आसपास जास्त दिसतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने होतो. दुखणं दोन्ही बाजूंना असतं, खांदे आणि कमरेभोवती, आणि सकाळचा आखडलेपणा पाऊण तासापेक्षा जास्त टिकतो. हाच आजार आहे असं छातीठोक सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले आकडे बहुधा वाढलेले असतात. माझा ईएसआर ६२ होता आणि सीआरपी ४१.

ही रक्ततपासणी पहिली गोळी पोटात जायच्या आधी झालीच पाहिजे. गोळीने सीआरपी झपाट्याने उतरतो आणि मग मूळ आकडा कधीच मिळत नाही. त्याच वेळी शुगर, एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, वजन आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या, हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दलही विचारा. काचबिंदू, पूर्वी झालेला टीबी, हिपॅटायटिस बी, पोटातला अल्सर, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. लशी राहिल्या असतील तर तेही आत्ताच बोला, कारण स्टेरॉइडचा डोस मोठा असताना जिवंत जंतूंच्या लशी देत नाहीत.

पहिला डोस

युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून दिलेल्या शिफारशींत सुरुवात रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने करायला सांगितली आहे. ७.५ किंवा त्याहून कमी डोसने सुरुवात करू नये, कारण आजार अर्धवटच दबतो. ३० च्या वर तर जाऊच नये, कारण फायदा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. मधुमेह, ठिसूळ हाडं किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर खालच्या टोकाकडे राहतात. आजार उलटण्याची शक्यता जास्त वाटली तर वरच्या. मला १५ दिलं.

चिठ्ठीवरचं औषधाचं नाव नीट वाचा. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ आणि डिफ्लाझाकोर्टचे ६. दुसऱ्या डॉक्टरांनी मला एकदा दुसरं स्टेरॉइड लिहून दिलं. आकडा बदललेला पाहून मी दोन दिवस घाबरून होते, आणि हिशेब केला तर डोस तोच निघाला. वहीत ‘तीन गोळ्या’ असं कधी लिहू नका. औषधाचं नाव लिहा आणि मिलिग्रॅम लिहा. गोळीवर आवरण असेल तर ती मोडून अर्धी करू नका. पुढे लहान पायऱ्यांनी उतरायचं असतं, तेव्हा कमी ताकदीच्या साध्या गोळ्या मिळतील का, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

गोळी सकाळी, एकदाच, खाऊन झाल्यावर घ्यायची. शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, पहाटे वाढवतं, सकाळची गोळी त्या चालीशी जुळते. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. मी सातला घ्यायची आणि घेतल्याबरोबर वहीत खूण करायची, कारण ‘घेतली की नाही’ या शंकेपोटी दुसऱ्यांदा घेतली जाते.

पहिले पंधरा दिवस काय मोजायचं

‘बरं वाटतंय’ हे मोजमाप नव्हे. मी चार गोष्टी लिहायचे. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला, रात्री कूस बदलताना जाग आली का, हात न टेकता खुर्चीतून उठता आलं का, आणि हात किती उंच गेला. शेवटच्यासाठी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायचे, उजवा हात बाजूने वर न्यायचे आणि बोटांची टोकं पोचतील तिथे लेक पेन्सिलीने रेघ ओढायची. पहिल्या दिवशीची रेघ माझ्या खांद्याच्या जेमतेम वर होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या रात्री मी कुशीवर वळले होते हे मला सकाळी कळलं, कारण उठले तेव्हा तोंड भिंतीकडे होतं. तिसऱ्या दिवशी रेघ डोक्याच्या वर गेली. त्या रेघेकडे पाहून मी रडले, आणि लेकही.

बहुतेकांना एक ते तीन दिवसांत असा फरक जाणवतो, काहींना आठवडा लागतो. सत्तर टक्के उतार पडला तर औषध लागू पडलं असं समजतात. योग्य डोस पंधरा दिवस घेऊनही काहीच हललं नाही, तर गोळ्या वाढवत नेण्याआधी हा आजार पीएमआरच आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. उलटंही लक्षात ठेवा. स्टेरॉइडने दुसऱ्या कित्येक दुखण्यांना आराम पडतो, त्यामुळे नुसता आराम हा निदानाचा पुरावा नव्हे. माझा डावा गुडघा १५ मिलिग्रॅमवरही जिना उतरताना दुखतच राहिला. ती झीज होती. त्या गुडघ्यासाठी डोस वाढवून मागितला असता तर ते चुकलं असतं. गोळीने फक्त पीएमआरचं दुखणं जायला हवं.

आता एक गोष्ट, जी मला कुणीतरी पहिल्याच दिवशी ओरडून सांगायला हवी होती. पीएमआरच्या काही रुग्णांना जायंट सेल आर्टरायटिस होतो, म्हणजे डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. कानशिलात नव्याने डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. दृष्टी गेली तर बहुधा परत येत नाही. त्या आजाराला ४० ते ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लागतं, तिथे १५ पुरत नाही. स्टेरॉइड सुरू असतानाही हा आजार डोकं वर काढू शकतो.

औषधाचे त्रास मला झाले ते असे: पहाटे तीनला टक्क जाग, सतत भूक, आणि शुगर. उपाशीपोटीची शुगर छान यायची, म्हणून मी निर्धास्त होते. सकाळच्या गोळीची शुगर चढते ती दुपारनंतर. तेव्हा मोजायला हवं हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून लागतं, आणि गरज असेल तर हाडं राखणारी वेगळी गोळीही. यात चालढकल नको, हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच वेगाने होते.

खाली उतरताना

माझा रस्ता असा ठरला: १५ तीन आठवडे, १२.५ तीन आठवडे, १० पाच आठवडे, आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी. हा बराच रुळलेला रस्ता आहे. पण तारीख आली म्हणून उतरायचं नसतं. आधीच्या पायरीवर सकाळ चांगली जात असेल तरच उतरायचं.

माझं चुकलं ते ८ वर. इतकं छान चाललं होतं की कुणाला न विचारता थेट ६ वर आले. बाराव्या दिवशी बाहीत हात अडकला. आखडलेपणा १० मिनिटांवरून ७०, सीआरपी ३ वरून १९. डॉक्टरांनी मला परत ८ वर नेलं, त्याहून वर नाही. ज्या डोसवर शेवटचं बरं होतं तिथे परतायचं आणि तिथून पुन्हा सावकाश उतरायचं. सहा आठवडे थांबले, मग ७, मग ६.

उतरल्यावर दुखलं की आजार उलटला असंच नाही. डोस कमी झाल्याचा स्वतःचा एक त्रास असतो. दोन-चार दिवसांत सुरू होतो, सगळं अंग मोडून येतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतो. आजार उलटतो तेव्हा दुखणं ओळखीच्याच जागी, दोन्ही खांद्यांत आणि सकाळी येतं, आणि दिवसागणिक वाढत जातं. वही नसती तर हा फरक मला कळला नसता.

५ वर मी सात महिने राहिले. ४ वर दोनदा गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात आखडलेपणा ५० मिनिटांवर आला. तेव्हा मला नीट समजलं की ‘आपला डोस’ चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तो वरून खाली येताना सापडतो. जिथे सकाळ मागच्या पायरीइतकीच चांगली जाते, अशी सर्वांत खालची पायरी म्हणजे त्या वेळचा आपला डोस. काही महिन्यांनी तो बदलतो, कारण आजार स्वतःही हळूहळू विझत असतो. उपचार निदान वर्षभर चालतात, अनेकांचे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.

तिसऱ्यांदा उतरताना डॉक्टरांच्या संमतीने बरेच रुग्ण वापरतात ती संथ पद्धत धरली. एक दिवस ४, मग सहा दिवस ५. एक दिवस ४, पाच दिवस ५. असं एक दिवस ४, एक दिवस ५ पर्यंत यायचं. मग उलट बाजूने एक दिवस ५, दोन दिवस ४, पुढे तीन, चार, पाच, सहा. एका मिलिग्रॅमला एकूण ५२ दिवस लागतात. मला ते मानवलं.

इतक्या सावकाशीला कारण आहे. शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना कॉर्टिसोल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी थंडावतात आणि खालच्या पायऱ्यांवर त्यांना पुन्हा कामाला लागावं लागतं. चक्कर, मळमळ, न संपणारा थकवा जाणवला तर डॉक्टर सकाळचं कॉर्टिसोल तपासतात. म्हणूनच गोळी एकदम कधीच बंद करायची नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी बसून राहायचं नाही. ताप, ऑपरेशन, अपघात अशा वेळी डोस किती वाढवायचा हे आधीच लिहून घ्यायचं. मी स्टेरॉइडवर असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवते.

कितीही प्रयत्न करून डोस खाली येत नसेल तर तो आपला दोष नाही. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडून पाहतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकूनही रोज नाही. सॅरिलुमॅब नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२३ साली खास अशाच रुग्णांसाठी मंजुरी मिळाली.

गेल्या महिन्यापासून मी ३ वर आहे. आखडलेपणा ५ ते १० मिनिटं. पुढची पायरी ठरलेली आहे, पण लेक घर बदलते आहे आणि खोकी उचलण्या-ठेवण्यात दोन आठवडे जातील. दगदगीच्या दिवसांत मी उतरत नाही, नाहीतर दुखणं कशामुळे आलं ते वहीवरून कळत नाही. तिचं सामान लागलं की पहिला दिवस २ चा.