पोहोचायचा नाही, निघायचा गजर लावा

८:१२ची लोकल गाठायची म्हणून साडेसातपासूनच पोटात गोळा येतो? आठवडाभर एवढंच करा: दाराला कुलूप लावल्यापासून फलाटावर पाय पडेपर्यंतची मिनिटं मोबाइलवर मोजा. मनातली '१० मिनिटं' लिफ्ट, रिक्षा, जिन्यावरची गर्दी धरून सहज १७ निघतात. (गाडीच उशिरा आली तर तो भाग वेगळा.) वेळेचा अंदाज माणूस कमीच बांधतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय. मोजलेल्या आकड्यात ५ मिनिटं घालून निघायच्या वेळेचा गजर लावा. तोवर घड्याळाकडे बघू नका, चहा बसून प्या. धडधड रोजचीच असेल, झोप उडत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.